सॉफ्टवेअरच्या पोटातील खूण

संगणकाच्या प्रोग्रामची नक्कल मुळाहून कशानेही वेगळी नसते. पुस्तकाची झेरॉक्स काढली की अक्षर पुसट होते, कॅसेटवरून कॅसेट उतरवली की आवाज खरखरतो. सॉफ्टवेअरची शंभरावी प्रत मात्र पहिल्या प्रतीइतकीच धडधाकट चालते, ती काढायला फारसा वेळ लागत नाही आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली याचा मागमूस तिच्या अंगावर राहत नाही. हा माग प्रतीच्या आतच, सहजासहजी खरवडून काढता येणार नाही अशा रीतीने ठेवता यावा, यासाठी गेल्या तीसेक वर्षांत संगणकशास्त्राची एक शाखा वाढली आहे. तिला सॉफ्टवेअर जलचिन्हांकन, रूढ भाषेत सॉफ्टवेअर वॉटरमार्किंग, असे म्हणतात.

हा प्रश्न फक्त मोठ्या परदेशी कंपन्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. उदाहरणादाखल लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारीच घ्या. हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात जमीनदोस्त झाले आणि नव्या जागी पुन्हा वसले. गाव नव्याने उभे राहत होते त्याच दशकात मराठी छपाईतून खिळ्यांची जुळणी मागे पडून डीटीपी रूढ झाले, आणि पुढे एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाच्या वर्गांनी संगणक तालुक्याच्या ठिकाणांहून बाजाराच्या गावांपर्यंत नेला. अशा गावांत लग्नपत्रिका, जयंतीचे फ्लेक्स, दुकानांच्या पावत्या आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका करून देणाऱ्या छोट्या दुकानांचा सारा धंदा विंडोज, फोटोशॉप, कोरलड्रॉ आणि एखादे मराठी फॉन्टचे पॅकेज यांवर चालतो. हे सर्व रीतसर विकत घ्यायचे म्हटले तर त्याचा खर्च कित्येकदा संगणकाच्या किमतीच्या वर जातो. मग संगणक दुरुस्त करणारा ‘विंडोज मारून’ देतानाच पेन ड्राइव्हमधून बाकीचे पॅकेजही टाकून देतो आणि त्यासोबत एक ‘क्रॅक’, म्हणजे परवाना तपासणारा भाग निकामी करणारी फाइल, चालवून जातो. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या उद्योगसंघटनेच्या सर्वेक्षणानुसार २०१७ साली भारतातील संगणकांवर बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होते, तर जागतिक सरासरी ३७ टक्के होती. हा अंदाज सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्याच संघटनेचा आहे हे ध्यानात ठेवले, तरी रोगाचे प्रमाण मोठे आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

या चोरीचा घाव मराठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांवर विशेष खोल बसला. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी एका देशातील तोटा दुसरीकडे भरून काढू शकते; ज्याची बाजारपेठच मराठी छापखाने, वर्तमानपत्रे आणि सरकारी कचेऱ्या एवढी आहे, त्याला तशी सोय नाही. भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. आरंभी ते संगणकात खोचायच्या कार्डाच्या रूपात मिळत असल्यामुळे त्याची चोरी करायची म्हणजे कार्डच उचलून न्यावे लागे. लिपी कार्डातून निघून निव्वळ फाइलमध्ये आली आणि ते संरक्षण संपले. त्यानंतर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि तिच्यासारखी पॅकेजे मराठी डीटीपीचा कणा झाली. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले क्रमांक दिलेले असत, म्हणून एका पॅकेजात जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की ‘किल्लारी’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसे. गिऱ्हाईक फाइल घेऊन आले की त्याच्याजवळ असलेला फॉन्ट आपल्याकडेही असणे दुकानदाराला भागच पडे, आणि या अडचणीतून फॉन्ट हातोहात फिरत गेले.

कंपन्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे डोंगल, बाजारातील भाषेत ‘लॉक’. संगणकाच्या पाठीमागच्या प्रिंटरच्या पोर्टला, पुढच्या काळात यूएसबीला, लावायचा हा लहानसा ठोकळा असे. तो जागेवर असेल तरच पॅकेज सुरू होई. लॉक खराब झाले, हरवले किंवा नव्या संगणकाला ते पोर्टच नसले, तर पैसे मोजून पॅकेज घेतलेल्या दुकानदाराचे ऐन लग्नसराईत काम अडे, आणि ज्याने लॉकची तपासणी काढून टाकलेली प्रत मिळवली त्याचे मात्र बिनबोभाट चाले. प्रामाणिक गिऱ्हाइकाला त्रास आणि चोराला मोकळीक, हा कुलूप प्रकारच्या सर्व संरक्षणांचा मूळ दोष आहे, आणि तो कुलूप अधिक पक्के केल्याने जात नाही. जलचिन्हाचा विचार येथून सुरू होतो. ते चोरी रोखण्याच्या भरीस पडत नाही. चोरी झाल्यावर माल कोणाचा आणि कोणत्या प्रतीवरून निघाला हे सांगण्याची तजवीज करते.

मूळ जलचिन्ह कागदातले. इटलीतील फाब्रियानो येथे तेराव्या शतकात ओल्या लगद्याच्या थराची जाडी ठिकठिकाणी कमी करून कागदात खूण उठवण्याची रीत सुरू झाली. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. त्यांच्या कागदातील, उजेडासमोर धरल्यावर दिसणारी प्रतिमा हे त्याच रीतीचे सर्वांच्या परिचयाचे रूप होय. घरोघर स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेण्याची चाल आहे. ते नाव भांड्याला चोरापासून वाचवत नाही, परंतु कार्यात दहा घरची भांडी एकत्र झाली की कोणते कोणाचे हे त्यावरूनच ठरते. सॉफ्टवेअरमधील जलचिन्हाचे काम हेच आहे. अट इतकीच, की ते भांड्याच्या काठावर न कोरता धातूत मुरवलेले असावे. विंडोजचा परवाना नसला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरे येतात, आणि त्यांनाही लोक वॉटरमार्कच म्हणतात. ती मात्र निव्वळ सूचना आहे. खरे जलचिन्ह वापरणाऱ्याला दिसत नाही, त्याचे काम अडवत नाही आणि मालकाने विचारले तरच उत्तर देते.

डिजिटल स्वाक्षरीशीही त्याची गल्लत होऊ नये. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जी डिजिटल स्वाक्षरी असते, ती फाइलमधील एक अक्षर बदलले तरी मोडते, आणि मोडणे हाच तिचा गुण आहे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस उमटवली जाणारी मर्यादा मुद्रा याच जातीची होती: मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही जोडले तर ते खोटे, असे ती बजावत असे. जलचिन्हाकडून अपेक्षा नेमकी उलट असते. प्रोग्राम कापला, उलटापालटा केला, त्यात भर घातली, तरी खूण टिकली पाहिजे, कारण चोर तो जसाच्या तसा ठेवील अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

नकलेचा छडा लावण्यासाठी मुद्दाम खूण पेरण्याची युक्ती संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकेतील जनरल ड्राफ्टिंग या नकाशे करणाऱ्या कंपनीने १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात अ‍ॅग्लो नावाचे, अस्तित्वात नसलेले गाव दाखवले होते. पुढे रँड मॅकनॅली या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नकाशातही ते गाव आले आणि चोरी पकडली गेली असे वाटले. पण दरम्यान नकाशावर विसंबून कोणीतरी त्या जागी अ‍ॅग्लो नावाचे दुकान काढले होते, त्यामुळे ते नाव आता प्रत्यक्षात आहे असे म्हणायला जागा झाली. ज्या खुणेचे दुसरे काही निरुपद्रवी कारण देता येते, ती पुरावा म्हणून लंगडी पडते, हा धडा सॉफ्टवेअरलाही तंतोतंत लागू आहे. त्या मानाने लाहोरच्या दोघा भावांनी १९८६ साली काढलेला मार्ग अघोरी होता. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरीला आळा घालण्यासाठी आपण तो लिहिला, असे त्यांनी सांगितलेला ‘ब्रेन’ हा प्रोग्राम त्यांचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक घेऊन फ्लॉपीमागून फ्लॉपीत शिरत जगभर पसरला, आणि आयबीएम पीसीचा पहिला व्हायरस म्हणून त्याची नोंद झाली.

आता खूण नेमकी कोठे आणि कशी ठेवतात ते पाहू. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रोग्राममधील एखाद्या चित्रात किंवा मजकुरात मालकाचे नाव घालणे; ते शोधून पुसणेही तितकेच सोपे. त्याहून चतुर मार्गाचे पेटंट मायक्रोसॉफ्टच्या रॉबर्ट डेव्हिडसन आणि नेथन मिरवोल्ड यांच्या नावे १९९६ साली नोंदले गेले. प्रोग्राम हा आज्ञांच्या लहान लहान गटांचा बनलेला असतो, आणि प्रत्येक गटाच्या शेवटी ‘आता अमक्या गटाकडे जा’ अशी आज्ञा घातली की ते गट फाइलमध्ये कोणत्याही क्रमाने मांडले तरी प्रोग्रामचे वर्तन बदलत नाही. असे दहा गट घेतले तर ते ३६,२८,८०० वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतात. प्रत्येक क्रमाला एक अंक दिला, की एकही अक्षर न वाढवता छत्तीस लाखांहून अधिक गिऱ्हाइकांना वेगळी ओळखता येईल अशी प्रत देता येते. लातूरच्या दुकानाला दिलेली प्रत आणि नांदेडच्या दुकानाला दिलेली प्रत पडद्यावर हुबेहूब सारखी, आतून मात्र मांडणी निराळी. सर्व प्रतींत एकच असलेल्या, मालकाची ओळख सांगणाऱ्या खुणेला जलचिन्ह म्हणतात, तर प्रत्येक गिऱ्हाइकागणिक बदलणाऱ्या खुणेला अंगुलिमुद्रा, म्हणजेच फिंगरप्रिंट, म्हणतात. हा भेद कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो.

या पद्धतीचे मर्म कळले की तिचे वैगुण्यही कळते: गटांचा क्रम पिसून टाकणारे एक लहानसे साधन चालवले की खूण नाहीशी होते आणि प्रोग्राम पूर्ववत चालू राहतो. म्हणून ऑकलंड विद्यापीठातील ख्रिश्चन कोलबर्ग आणि क्लार्क थॉम्बरसन यांनी १९९९ साली खूण फाइलमध्ये न ठेवता प्रोग्रामच्या चालण्यात ठेवण्याची कल्पना मांडली. मालकाने ठरवलेली गुप्त माहिती ठरलेल्या क्रमाने टंकली, तरच चालत्या प्रोग्रामच्या स्मृतीत कप्प्यांचे एक जाळे तयार होते, आणि त्या जाळ्याच्या आकारात संख्या दडलेली असते. समजा, १९९३ ही संख्या लपवायची आहे. दहा कप्पे वर्तुळात मांडले आणि प्रत्येकातून पुढच्या कप्प्याकडे एक बाण काढला. मग पहिल्या चार कप्प्यांतून प्रत्येकी आणखी एक बाण असा काढला की तो अनुक्रमे एक, नऊ, नऊ आणि तीन घरे पुढे पोहोचेल. पाहणाऱ्याला ही प्रोग्राममध्ये हजारो ठिकाणी असते तशीच एक जुळणी वाटते. दुसरे बाण किती घरे पुढे जातात हे मोजणाऱ्याला मात्र १९९३ वाचता येते. व्यवहारात लपवायची संख्या खूप मोठी, दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार अशी, घेतात. स्मृतीत अमुक संख्या सापडली असा दावा कोणीही करील, पण तिचे ते दोन अवयव ज्याने गुणाकार केला त्यालाच व्यवहारतः सांगता येतात, आणि ते त्याने सांगितले की योगायोगाची सबब उरत नाही. अ‍ॅग्लोच्या गोष्टीत जी उणीव राहिली होती, ती येथे गणिताने भरून काढली आहे. यानंतर २००१ साली रामरत्नम वेंकटेशन, विजय वझिरानी आणि सौरभ सिन्हा यांनी प्रोग्रामच्या अंगभूत वाटांच्या आराखड्यातच खुणेचा आराखडा असा विणण्याची रीत मांडली, की कोणत्या वाटा मूळच्या आणि कोणत्या खुणेच्या हे वेगळे करणे अवघड जावे.

चोरही स्वस्थ बसत नाही. तो खूण शोधून कापू पाहतो, प्रोग्राम विस्कटून ती वाचता न येण्याजोगी करतो, किंवा वरून आपली खूण घालून मीच मालक असा उलटा दावा करतो. सर्वांत धोकादायक आहे ती संगनमताची चाल: दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या प्रती शेजारी ठेवून ताडून पाहिल्या की जेथे फरक दिसेल तेथेच अंगुलिमुद्रा असणार. यावर उतारा म्हणून प्रत्येक प्रतीत खुणेशी संबंध नसलेले खोटे फरकही भरपूर पेरतात. तरीही अभेद्य खूण हे मृगजळ ठरण्याची शक्यता मोठी आहे. बोआझ बराक, अमित सहाई आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी २००१ साली सिद्ध केले, की कोणताही प्रोग्राम आतून पूर्णपणे अगम्य करून दाखवील अशी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. जलचिन्हांच्या काही आदर्श कल्पनांनाही त्यामुळे मर्यादा पडतात. म्हणून जाणकार जलचिन्ह एकटे वापरत नाहीत. प्रोग्रामची संहिता (कोड) दुर्बोध करणे आणि फेरफार झाल्यास प्रोग्राम चालेनासा होणे, या दोन उपायांची जोड त्याला देतात, आणि खूण काढण्याचा खर्च प्रोग्रामच्या किमतीहून जास्त व्हावा एवढेच उद्दिष्ट ठेवतात. हे उद्दिष्ट माफक वाटले तरी मराठी पॅकेजांच्या किमती पाहता ते गाठण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील सॉफ्टवेअर उद्योगाला या साधनाची गरज आणखी एका अंगाने आहे. येथील अनेक कंपन्या परदेशी मालकांच्या मूळ संहितेवर, म्हणजे सोर्स कोडवर, काम करतात. मुंबईच्या जिओमेट्रिक सॉफ्टवेअर सोल्यूशन्सकडे अमेरिकेच्या सॉलिडवर्क्स या आरेखन-सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचे काम होते. २००२ साली त्याची मूळ संहिता प्रतिस्पर्ध्यांना विकू पाहत असल्याच्या आरोपावरून एका माजी कर्मचाऱ्याला दिल्लीत अटक झाली, आणि त्यासाठी अमेरिकेच्या एफबीआयला व भारताच्या सीबीआयला मिळून सापळा रचावा लागला. तेथे विकणारा स्वतःच चालून आला म्हणून प्रकरण उघड झाले. संहिता गुपचूप हस्तांतरित होऊन दुसऱ्या नावाच्या उत्पादनात मुरली असती, तर ती ओळखून काढण्यासाठी आत पेरलेल्या खुणेवाचून फारसा आधार उरला नसता.

कायद्याची बाजू बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणकाचा प्रोग्राम वाङ्मयीन कृतीत धरला आहे. कलम ६३ ख नुसार चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून ती वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात झालेला नसेल, तर न्यायालय कैद माफ करून केवळ दंडावर भागवू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ ख आणले, आणि कृतीसोबत असलेली हक्क-व्यवस्थापन माहिती, म्हणजे कृतीचे व मालकाचे नाव, वापराच्या अटी किंवा ही माहिती दर्शवणारा क्रमांक, जाणूनबुजून काढणे वा बदलणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. मालकाची ओळख सांगणारे जलचिन्ह या व्याख्येत बसते. परंतु त्याच व्याख्येच्या शेवटी, वापरणाऱ्याची ओळख पटवणारे साधन किंवा प्रक्रिया यात येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे गिऱ्हाइकागणिक बदलणारी अंगुलिमुद्रा खरवडली तर निदान या कलमाचा आधार मिळत नाही. नागरिकाच्या खासगीपणाची राखण करणारा हा अपवाद योग्यच आहे, आणि सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी त्याविषयी कुरकुर करण्यापेक्षा दोन्ही खुणा वेगवेगळ्या ठेवाव्यात हे बरे.

तो अपवाद योग्य का, हे दुकानाच्या उदाहरणावरून कळेल. किल्लारीतील दुकानाच्या नावे विकलेल्या पॅकेजची प्रत उद्या हैदराबादेत सापडली, तर अंगुलिमुद्रा इतकेच सिद्ध करते की ती प्रत किल्लारीच्या प्रतीवरून निघाली. ती दुकानदाराने दिली, दुरुस्तीला आलेल्याने नेली, की संगणक भंगारात विकल्यावर कोणी उतरवली, हे खूण सांगू शकत नाही. साक्षीदार जेवढे पाहतो तेवढेच बोलतो. त्याच्या एका वाक्यावर दुकानदाराला चोर ठरवणे अन्यायाचे होईल. उलट, ज्या कंपन्या गिऱ्हाइकाला लॉकने बांधून ठेवतात, त्यांनी लॉक काढून खुणेवर भिस्त ठेवली तर पैसे मोजणाऱ्याची अडवणूक थांबेल. म्हणून मराठी सॉफ्टवेअरसाठी कुलुपापेक्षा जलचिन्ह अधिक न्याय्य आहे; फक्त प्रतीत खूण आहे हे विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे आणि किंमत तालुक्याच्या धंद्याला झेपेल अशी ठेवली पाहिजे. दुकानदारांनाही आता सबब कमी उरली आहे. युनिकोडमुळे एका कंपनीच्या फॉन्टवर अडून राहण्याची गरज ओसरली असून, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट व्यावसायिक कामासाठीही मोफत आणि कायदेशीररीत्या वापरता येतात.

लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतून बाहेर पडून स्वतःचे पॅकेज लिहिणाऱ्या तरुणांनी मात्र एक गोष्ट पहिली प्रत विकण्यापूर्वीच करावी, कारण फुटलेल्या प्रतीत मागाहून खूण घालता येत नाही. खूण पेरावी, ती वाचण्याची गुप्त किल्ली तारखेसह लेखी नोंदवून सुरक्षित ठेवावी, आणि प्रोग्रामची नोंदणी कॉपीराइट कार्यालयात करावी. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदवही न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार नोंदणीसाठी संपूर्ण संहिता द्यावी लागत नाही; संहिता वीस पानांहून मोठी असेल तर पहिली किमान १० आणि शेवटची किमान १० पाने पुरतात. जलचिन्हाचा भाग मधल्या पानांत ठेवला, तर नोंदणी होऊनही तो गुप्त राहतो.